वहिनीचा नंबर

तिला सगळे वहिनी म्हणत. खरं तर ती वहिनी एकाचीच, पण त्या एकाने तिच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात भर रस्त्यात "वहिनीऽऽ" अशी आरोळी ठोकली आणि तिचं नाव कायमचं पुसलं गेलं. पोस्टमन तिला वहिनी म्हणे, दवाखान्यातली नर्स वहिनी म्हणे, आणि तिच्या वडिलांच्या वयाचे दुकानवाले आजोबासुद्धा "वहिनी, पिशवी आणलीत का?" असं विचारत. नवरा एकटा तिला "अगं" म्हणे. त्याचं तेवढ्यावर भागायचं.

ती आली होती पार आतल्या गावातून. समुद्र तिने लग्नानंतरच पाहिला, आणि पाहिला तेव्हा तिला तो अजिबात आवडला नाही. "सारखा आवाज करतो," म्हणाली. नवऱ्याचा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा धंदा होता. घरामागे पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमध्ये तेलाचे डबे, बोटींची भोकं बुजवायचं फायबरचं कापड, चिकट रेझिनचे कॅन. तिथेच कोपऱ्यात धाकट्या दिराचा मोडका सर्फबोर्ड धूळ खात पडला होता. दीर तेव्हा शाळेत होता, आणि बोर्ड मोडल्यापासून तोंड पाडून हिंडत होता. वहिनीने एके दुपारी तो बोर्ड ओढून काढला, नवऱ्याचं कापड आणि रेझिन वापरून त्याचं नाक, म्हणजे पुढचं टोक, जोडलं, पॉलिश पेपरने घासून घासून गुळगुळीत केलं आणि दिरासमोर ठेवला. दिराने नाक मुरडलं. "हे पाण्यात टिकायचं नाही," म्हणाला.

झालं. वहिनीच्या कामाला कोणी नावं ठेवली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जात असे, आणि आजही जाते. ती बोर्ड काखेत मारून, पूर्ण कपड्यांनिशी, सरळ पाण्यात शिरली. दहा वेळा तोंडावर आपटली. नाकातोंडात पाणी गेलं, पण जोड सुटला नाही. मग किनाऱ्यावर पोट धरून हसणाऱ्या दिरालाच तिची दया आली की लाज वाटली कोण जाणे, तो पाण्यात उतरून म्हणाला, "वहिनी, अशी नाही. आधी गुडघे, मग पाय." त्या दिवसापासून वहिनी पाण्यातून बाहेर आलीच नाही, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत होत्या. सांगताना कपाळावर आठी असे, पण आवाजात थोडा तोराही असे.

तेव्हापासून तिची रीत पडली. शेडमध्ये आलेला बोर्ड दुरुस्त झाला की ती आधी स्वतः त्याच्यावर उभी राहून एक लाट घेई आणि मगच तो मालकाला परत देई. "मी ज्यावर उभी राहिले नाही, त्यावर तुम्ही का राहायचं?" असा तिचा सवाल. नवऱ्याच्या शेडचा अर्धा भाग हळूहळू तिचा झाला. दोन लाकडी घोड्यांवर जुन्या गालिच्याचे तुकडे, त्यावर उताणा पडलेला कोणाचा तरी बोर्ड, आणि रेझिनचा तो वास, जो चहात उतरायचा, भाकरीत उतरायचा आणि पाहुण्यांना लवकर घरी पाठवायचा.

आता त्या लाटेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. किनाऱ्याच्या टोकाला काळा खडक आहे. लाट त्या खडकावरून फुटते आणि लांबच लांब उजवीकडे धावते. सुंदर लाट आहे, पण एका माणसापुरती. म्हणून तिथे नंबर असतो. खडकाच्या सगळ्यात जवळ जो बसलाय, त्याची लाट. त्याने "माझी!" म्हणून हाक मारली की बाकीच्यांनी हात आवरायचे. तो गेला की पुढचा सरकणार, आणि जाऊन आलेल्याने वळसा घालून शेपटाला बसायचं. लिहून कुठे ठेवलेलं नाही, पण सगळे पाळत.

या रांगेत वहिनीने वर्षानुवर्षं मार खाऊन आपली जागा केली होती. घरात ती कोणाची तरी सून होती, कोणाची बायको, कोणाची आई. शेडमध्ये ती नवऱ्याच्या जागेत होती. खडकाजवळचा नंबर मात्र तिला कोणी आंदण दिला नव्हता. तो निव्वळ तिचा होता, आणि जगात तिला सगळ्यात जास्त प्रिय काय असेल तर तो. मुलांचा नंबर दुसरा, असं ती मुलांसमोरच म्हणे. मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली होती, त्यामुळे फोनवर म्हणे.

मग कोणीतरी त्या लाटेचा व्हिडिओ काढून जगाला दाखवला, आणि गाड्या यायला लागल्या. छपरावर बोर्ड बांधलेल्या, आतून गाणी वाजणाऱ्या गाड्या. त्यातली माणसं काही राक्षस नव्हती, पण शहाणीही नव्हती. ती लोकांच्या फाटकांसमोर गाडी लावत, कोणाच्याही भिंतीआड कपडे बदलत, आणि पाण्यात आली की रांग बिंग काही न बघता थेट खडकापाशी जाऊन बसत. गावच्यांची डोकी फिरली. फिरणारच. आधी शिव्या झाल्या, मग कोणीतरी गाड्यांच्या काचांवर पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावायचं मेण फासलं, मग पाण्यात ढकलाढकली. आणि या सगळ्याच्या पुढे होता वहिनीचा दीर.

दीर आता चाळिशीला आला होता. धंद्याने इलेक्ट्रिशियन, पण गावात त्याला मुकादम म्हणत, कारण स्वतः शिडीवर चढण्यापेक्षा खाली उभं राहून दुसऱ्याला सूचना देणं त्याला जास्त आवडे. मनाचा वाईट नव्हता. एका संध्याकाळी धक्क्यावरच्या कठड्यावर गावच्या सर्फरांची बैठक झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, एक ठरलंय."

"कोणाचं?"

"आपलं. सगळ्यांचं."

"मी होते का तिथे?"

"तू नव्हतीस. पण तू आपल्यातलीच ना."

"मग मला न विचारता कसं ठरलं?"

मुकादमाने चप्पल काढली, परत घातली. "हे बघ, बाहेरचा कोणी लाटेवर चढला की आपल्यातल्या एकाने त्याच्या पुढ्यात उडी मारायची. दोन-चार वेळा आपटले की येणार नाहीत परत. आणि तू त्यांचे बोर्ड घ्यायचे नाहीत. मोडला तर मोडला, जातील घरी."

वहिनीचा हात पॉलिश पेपरवर होता, तो थांबला नाही. "बोर्डाला गाव नसतं रे. भोक असतं. भोक आलं की मी बुजवते."

"म्हणजे ऐकणार नाहीस."

"नाही."

"मग पाण्यात तुझा नंबर राहणार नाही. मी नाही म्हणत, पोरं म्हणतायत."

पोरं म्हणजे बेकरीवाला, बसचा कंडक्टर आणि तसलेच आणखी, सगळ्यांची पोटं सुटलेली. वहिनी हसली. मुकादमाला ते हसणं झोंबलं असणार, कारण जाता जाता तो बोलून गेला, "बस मग त्यांच्याबरोबर. शेवटी तू पण बाहेरूनच आलीस."

तो गेल्यावर वहिनी बराच वेळ एकाच जागी घासत राहिली, इतकी की खालचा पांढरा फोम उघडा पडला आणि काम वाढलं. तिला फार लागलं होतं. ज्याला तिने मोडका बोर्ड जोडून दिला, ज्याने तिला "आधी गुडघे, मग पाय" शिकवलं, त्याने हे म्हणावं! जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा कमी बोलणारा. "थोडे दिवस नको जाऊस पाण्यात," एवढंच म्हणाला.

"का? मी काय चोरी केलीय?"

नवऱ्याने विचार केला आणि म्हणाला, "मग जा."

ती गेली. रांगेत बसली, नंबर आला, खडकापाशी सरकली, "माझी!" म्हणून हाक मारली, आणि कंडक्टर खुशाल तिच्या पुढ्यात लाटेवर चढला. पुढच्या वेळी बेकरीवाला. रोज हेच. मुकादम स्वतः तसं करत नसे, पण तोंड फिरवून बसे. वहिनी एकाही लाटेवर न चढता परत येई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई. पाणी माझ्या सासऱ्याचंही नाही आणि कंडक्टरच्या सासऱ्याचंही नाही, असं ती दुकानवाल्या आजोबांना मोठ्याने सांगे, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाई.

त्याच आठवड्यात दातांचे डॉक्टर आले. शहरातून सुट्टीला येणारे, गोरेगोमटे, बोलण्यात दर वाक्याला सॉरी. त्यांच्या पिवळ्याधमक बोर्डाचं नाक फुटलं होतं.

"गाडी कुठे लावलीत?" वहिनीने आधी विचारलं.

"तिकडे, दुकानासमोर. सॉरी, का?"

"आजोबांचं शटर उघडायचं कसं? आधी ती काढा, मग बोर्डाचं बोलू."

डॉक्टर पळत गेले, पळत आले. वहिनीने फुटकं नाक चाचपलं आणि काम करता करता त्यांची चांगली हजेरी घेतली. परवा मुकादमाची लाट तुम्हीच खाल्लीत ना? खडकाजवळ जो, त्याची पहिली, एवढं कळत नाही? डॉक्टरांचा चेहरा पडला. "मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी दोन वर्षं येतोय. लोक ओरडतात, पण कशासाठी ते कोणी सांगतच नाही." तिने एका पाटीवर खडूने खडक काढला, रांग काढली, आणि शेपूट कुठे ते दाखवलं. डॉक्टरांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली.

बोर्ड वाळला तेव्हा वहिनी नेहमीप्रमाणे सकाळी सकाळी तो घेऊन एक लाट घ्यायला गेली. रांगेत अजून कोणी नव्हतं. पाण्यावर अजून सकाळचं धुकं होतं. अशा वेळी तिथे कोणाचाच चेहरा दिसत नाही. ओली डोकी सगळी सारखीच. म्हणून त्या पाण्यात माणसं एकमेकांना बोर्डावरून ओळखतात. निळा पट्टा म्हणजे वहिनी, लाल टोक म्हणजे बेकरीवाला, आणि पिवळा म्हणजे तो दातवाला. इतकी वर्षं यात कधी चूक झाली नव्हती.

वहिनी खडकापाशी बसली. मागून चांगली, उंच, भरलेली लाट आली. तिने हाक मारली, पण वारा उलटा होता. ती उभी राहिली, जोड पायाखाली पक्का लागला, तिला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात किनाऱ्याकडून आलेला एक जण जोरजोरात हात मारत बरोबर तिच्या पुढ्यात लाटेवर चढला. तो मुकादम होता. वहिनीने त्याला ओळखलं. सरळ गेली असती तर बोर्डाचं टोक त्याच्या पाठीत घुसलं असतं. ती डावीकडे वळली. डावीकडे खडक होता.

मुकादम पाण्यातून वर आला तो ठेवणीतली शिवी तोंडात घेऊनच. "काय रे ए, डोळे फुटले..." आणि समोर पाहिलं तर पिवळ्या बोर्डाचे दोन तुकडे, लालसर पाणी, आणि मधोमध खडकाला धरून उभी असलेली वहिनी. त्याने तिला आधार देत वाळूवर आणलं, स्वतःच्या शर्टाने पोटरी बांधली, आणि वाटभर एकच पालुपद लावलं, "काही नाही वहिनी, काही नाही झालेलं." वहिनीला दिसत होतं काय झालंय ते. पोटरी उभी फाटली होती.

दवाखान्यात टाके घातले. नवरा इंजिनाच्या तेलाने माखलेल्या हातांनी तसाच आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. मुकादम भिंतीला टेकून रडत होता. हो, रडत होता, चाळिशीचा माणूस.

"वहिनी, आईशप्पथ, तू आहेस हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं तो दातवाला आहे."

"तो असता तर?"

मुकादमाने भिंतीकडे तोंड केलं.

"सांग ना. तो असता तर हा पाय त्याचा असता. मग काय, घरी जाऊन हसला असतास?"

"वहिनी, नको ना."

"आणि तो वळला असता असं वाटतं तुला? त्याला वळता येत नाही. तो सरळ तुझ्या मणक्यावर आला असता. मी वळले, कारण मला वळता येतं आणि पुढे तू होतास." एवढं बोलून ती नवऱ्याकडे वळली. "अहो, हात पुसा आधी. चादर काळी होईल."

दुसऱ्या दिवसापासून मुकादम न बोलावता शेडमध्ये यायला लागला. वहिनी पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसे आणि सूचना देई, मुकादम घोड्यांशी उभा राहून घासे. गावातली माणसं ही मजा बघायला मुद्दाम शेडवरून जात. पिवळा बोर्ड त्याने स्वतः जोडला, चार वेळा उखडायला लावला तिने, पाचव्यांदा पास केला. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते धावत आले आणि इतक्या वेळा सॉरी म्हणाले की मुकादमच शेवटी ओरडला, "अहो, तुम्ही कशाला? चूक माझी आहे!" हे त्याच्या तोंडून निघालं आणि शेडमध्ये क्षणभर सगळेच चपापले, मुकादम सगळ्यांत जास्त.

बोर्डांवर लाट घेऊन बघायचं कामही आता त्याच्याकडे आलं. एकदा कोणा बाहेरच्याचा गुलाबी बोर्ड घेऊन गेला, तो ओठ सुजवून परत आला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. दरवाजा लागला."

"पाण्यात दरवाजा?"

मुकादमाने बोर्ड भिंतीला लावला. "बेकरीवाला पुढ्यात आला. मी ओरडलो, अरे मी आहे, मी आहे. त्याला ऐकूच गेलं नाही. मग वर आल्यावर म्हणतो, मला काय माहीत तू आहेस." वहिनीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. तिने ते गिळलं, आणि तिच्यासारखीला ते फार जड गेलं.

त्यानंतर कठड्यावर पुन्हा बैठक झाली. तिथे मुकादम काय बोलला ते बाहेर आलं नाही, पण पुढ्यात उड्या मारणं बंद झालं. प्रेम वगैरे काही उतू गेलं नाही. गावचे बाहेरच्यांकडे तिरक्या नजरेनेच बघत, आणि बाहेरच्यांतले काही जण अजूनही भिंतीआड कपडे बदलत. पण दुकानासमोर गाड्या लागेनाशा झाल्या, आणि पाण्यात बाहेरचे रांगेच्या शेपटाला येऊन बसायला लागले. कोणीतरी त्यांना सांगायला लागलं होतं.

पाय बरा झाल्यावर ज्या सकाळी वहिनी पुन्हा पाण्यात उतरली, त्या सकाळी समुद्राला उधाण आलं होतं. ती हळूहळू हात मारत, निळ्या पट्ट्याचा बोर्ड रेटत रांगेपाशी आली. सगळे होते. बेकरीवाला, कंडक्टर, चार-पाच बाहेरचे, आणि रांगेत पुढून दुसरे डॉक्टर. खडकाजवळ मुकादम. ती शेपटाला जाऊन बसली.

मुकादमाने तिकडूनच आवाज दिला, "वहिनी, इकडे ये! पुढची लाट तुझी." आणि तो बाजूला झाला. बेकरीवाल्याने वाट करून दिली, कंडक्टरनेही. डॉक्टर तर एवढ्या घाईने मागे सरकले की बोर्डावरून घसरले.

मागे लाट उठत होती. वहिनीने ती पाहिली. अशी लाट वर्षातून एखादवेळीच येते, आणि पाय स्टुलावर ठेवून बसल्या बसल्या तिने अशाच लाटेची वाट पाहिली होती. तिला ती हवी होती, हाव सुटली होती तिला. ती दोन हात पुढे गेली आणि थांबली.

"नंबर कोणाचा आहे?" तिने विचारलं.

"माझा आहे. मी देतोय ना तुला," मुकादम म्हणाला.

"तू जा मग. तुझ्यानंतर डॉक्टर."

"वहिनी, घे ना गं. सगळ्यांच्या वतीने देतोय."

"तेच नको. आज तू देशील, उद्या काढून घेशील. काढून झालंय एकदा." तिचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला तुझी लाट नको रे. माझा नंबर आला की मी घेईन."

मुकादमाचं तोंड लाल झालं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि ती सुंदर लाट कोणालाच न घेता खडकावर फुटून गेली. मग तो मुकाट्याने खडकापाशी परत आला आणि पुढची घेऊन गेला. त्याच्या मागून डॉक्टर गेले. उभे राहिले, हात पसरले, एक क्षण मोठे देखणे दिसले आणि तोंडावर आपटले. गावचे आणि बाहेरचे एकदमच हसले. मग कंडक्टर गेला, मग बाहेरची एक मुलगी, मग बेकरीवाला. मुकादम वळसा घालून आला आणि वहिनीच्या मागे बसला.

रांग सरकत सरकत वहिनी खडकापाशी आली. लाट आली ती काही खास नव्हती, कमरेएवढी, थोडी वाकडीच. वहिनीने बोर्ड वळवला आणि "माझी!" म्हणून हाक मारली. मागच्या एवढ्या माणसांपैकी एकानेही पाण्यात हात घातला नाही.